गाडी खड्ड्यात आदळली, आता अलाइनमेंट करायची का? मशीनवर चढवायच्या आधी हे तपासा

पोळ्याच्या आसपास पाऊस जरा उघडला का माझ्याकडे एकच तक्रार घेऊन गाड्या यायला लागतात, "भाऊ, खड्ड्यात आदळली, तवापासून डावीकडे ओढून रायली, अलाइनमेंट मारून द्या." आमचा यवतमाळ जिल्ह्यातला वणी, मारेगाव, झरी, राळेगावचा पट्टा सगळा काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते अन उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, वरचा डांबराचा थर तिच्यासोबत वरखाली होऊन तुटतो, त्यात कोळशाचे ट्रक अन कापसाचे ट्रॅक्टर. खड्डे दरवर्षी त्याच जागी पडतात अन त्याच गाड्या दरवर्षी येतात, म्हणून एकदा बसून नीट लिहून ठेवतो. खड्ड्यानं गाडीचं जे बिघडते त्यातलं बरंचसं अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांची दिशा अन तिरपेपणा जुळवायच्या, मशीनवर दुरुस्त होतच नाही, अन वाकलेल्या नाहीतर सैल झालेल्या पार्टवर अलाइनमेंट केली तर ती आठवडाभरही टिकत नाही. पैसेही जातात अन टायरही जातो.

आधी लक्षणं पाहा

गाडी सरळ सपाट रस्त्यावर एका बाजूला ओढते, हात ढिला केला की कडेला जायला लागते.

गाडी सरळ चालते पण स्टेअरिंग वाकडं राहते, मधला लोगो तिरपा दिसतो, अन हे आदळल्यानंतरच सुरू झालं.

टायर एका कडेनं खाल्ला जातो. बहुतेक वेळा आतल्या कडेनं, म्हणून उभ्यानं पाहून दिसत नाही.

वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून परत येत नाही, नाहीतर हळू वळतानाही टायर चुंई-चुंई करतो.

सत्तर-ऐंशीच्या वर स्टेअरिंग थरथरते.

खड्ड्यातून जाताना खट-खट, नाहीतर एका चाकातून सतत घूंऽऽ असा आवाज येतो जो स्पीडसोबत वाढतो.

यातल्या पहिल्या चार लक्षणांत अलाइनमेंट असू शकते, असेलच असं नाही. थरथर म्हणजे बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), रिम नाहीतर टायर, अलाइनमेंटचा तिच्याशी जवळपास संबंध नाही. खट-खट म्हणजे लिंक रॉड, बुश, बॉल जॉइंट, शॉकअपचं वरचं माउंटिंग यातलं काहीतरी, म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनचे सांधे अन रबरं. घूंऽऽ म्हणजे बहुतेक व्हील बेअरिंग. एवढं जरी डोक्यात ठेवलं तरी "आदळली म्हणजे अलाइनमेंट" हे समीकरण सुटते अन दुकानदारासमोर नेमकं बोलता येते.

हवा

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, अन कितीतरी गाड्या इथंच निपटतात. खड्ड्याच्या धारेवर चाक आपटलं की टायर अन रिमची कड क्षणभर एकमेकांपासून सुटते, कड थोडी वाकली की तिथून हळूहळू हवा जाते. समोरच्या दोन टायरमध्ये पाच-सात पीएसआयचा (हवेच्या दाबाचं माप) फरक पडला की गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते, अगदी अलाइनमेंट बिघडल्यासारखीच. सकाळी गाडी थंड असताना मोजा. चाळीस किलोमीटर चालवून आल्यावर मोजली तर तीन-चार पीएसआय जास्तच दाखवते, अन आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात तर आणखीच, मग माणूस उलट हवा काढून टाकतो अन सकाळी टायर बसलेला. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर नाहीतर डिझेल-पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकरवर लिहिलं राहते. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा जास्तीत जास्त मर्यादेचा आहे, तो भरायचा नसतो.

पंक्चरच्या दुकानातले मीटर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून स्वतःचा छोटा गेज ठेवा, काही फार महाग येत नाही. हवा बरोबर करून दोन दिवस गाडी चालवा अन परत मोजा, एकाच चाकाची उतरली तर रिमच्या कडेला अन वॉल्व्हला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. अन हो, डिक्की रिकामी करा. खताच्या सिझनमध्ये लोक युरियाची दोन पोती मागं टाकून आठ-आठ दिवस फिरतात, एक पोतं ४५ किलोचं म्हणजे ९० किलो झालं, मागचा भाग बसतो, समोरचं स्टेअरिंग हलकं लागते अन वाटते खड्ड्यानंच केलं.

टायरची बाजू, रिम अन रिममधली माती

चाक पूर्ण उजव्या टोकाला वळवा, मग डाव्या, अन टायरच्या दोन्ही बाजू हातानं चाचपून पाहा. मागच्या चाकांची आतली बाजू पाहायला मोबाइलचा टॉर्च लागतो, गाडी अर्धं चाक पुढं ढकलून परत पाहा. शोधायचा आहे फुगा. टायर रिम अन खड्ड्याच्या धारेमध्ये चिमटला की आतले दोरे तुटतात, वरचं रबर शाबूत राहते पण हवा तिथून ढकलते अन सुपारीएवढा नाहीतर त्याहून मोठा फुगवटा येतो. फुगा दिसला की थांबा, इथं दुसरा विचार करायचा नाही. त्याला पॅच नाही, दुरुस्ती नाही, टायर बाद. स्टेपनी लावा (तिच्यातली हवा आधी मोजा, वर्षभर कोणी पाहिलेली नसते) अन हळू चालवत टायरच्या दुकानापर्यंत जा. अशा टायरवर समृद्धी महामार्गावर चढणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, तिथं कारला १२० ची मर्यादा आहे, सिमेंटचा रस्ता आहे, उन्हात तो तापलेला राहतो अन फुगलेला टायर सलग स्पीडमध्येच फुटतो.

एक मात्र सांगतो, टायरच्या बाजूवर आत दबलेली बारीक उभी रेघ दिसली तर घाबरू नका. बऱ्याच टायरला आतले दोरे जिथं एकावर एक जोडलेले राहतात तिथं अशी रेघ दिसते. आत दबलेलं चालते, बाहेर आलेलं चालत नाही.

रिमची आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त वाकते अन लोक फक्त बाहेरची पाहतात. लोखंडी रिम थोडी वाकली असेल तर चांगला माणूस सरळ करून देतो. अलॉय घरी हातोड्यानं ठोकू नका, ती वाकण्यापेक्षा तडकते अन तडा कधीकधी केसासारखा राहतो, पहिल्यांदा दिसतही नाही.

आता माती. ही गोष्ट आपल्या भागाची आहे, शहरातल्या माणसाला सांगितली तरी पटत नाही. पांदणीतून, नाल्याच्या रपट्यावरून गाडी आली की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते अन एका रात्रीत वाळून पक्की होते. एक मास्तर आले होते, साठच्या वर स्टेअरिंग हातात राहत नाही म्हणाले, खड्ड्यात आदळल्यापासून होऊन रायलं, अलाइनमेंट करून द्या. चाक काढलं तर रिमच्या आत एका जागी मुठीएवढा गोळा, त्यात गवताची काडी अन कपाशीचं वाळलेलं पानही तसंच्या तसं. पेचकसानं खरवडला, पाण्यानं धुतलं, चाक लावलं, गाडी गुमान चालायला लागली. एक पैशाचं काम नव्हतं. बॅलन्सिंगला आपण पाच-दहा ग्रॅमची शिशाची वजनं लावतो, मुठीएवढी माती म्हणजे किती झालं ते पाहा. म्हणून थरथर असली तर आधी चारही रिम आतून धुवा. वजन चिकटवलेली जागा रिकामी दिसते का तेही पाहा, आदळल्यावर ते उडून जाते अन तिथं स्वच्छ चौकोन उरतो.

चालवून पाहणं

रस्त्यावरच्या ओढण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. रस्ता मधून उंच अन कडेला उतरता केलेला राहतो, पाणी वाहून जावं म्हणून, अन आपण डावीकडून चालतो, म्हणजे कोणतीही चांगली गाडी थोडीशी डावीकडे जाणारच. "डावीकडे ओढते" म्हणून आलेल्या पुष्कळ गाड्यांत खरं तर काहीच नसते. गाडी उजवीकडे ओढत असेल तर मात्र मी लगेच कान टवकारतो, कारण ती उताराच्या उलट ओढते आहे.

खरं पाहायचं असेल तर सपाट जागा पाहिजे. कापसाचा सिझन नसताना बाजार समितीचं सिमेंटचं आवार मोकळं राहते, परवानगी घेऊन तिथं पंचवीस-तीसच्या स्पीडनं सरळ चालवा, हात स्टेअरिंगवर ठेवा पण जोर लावू नका. मग त्याच रेषेवर उलट्या दिशेनं या. जाताना डावीकडे अन येताना उजवीकडे गेली तर उतार जमिनीत आहे. दोन्ही वेळा एकाच बाजूला गेली तर गाडीत आहे. ब्रेक मारल्यावरच ओढत असेल अन एरवी नाही, तर ब्रेक पाहायचा, अलाइनमेंट नाही.

तिथंच आणखी एक काम करून घ्या. चाकं ओली करा, थोडं पाणी सांडून त्यावरून गाडी सरळ न्या अन मागं उतरून ओल्या खुणा पाहा. मागच्या चाकांच्या खुणा समोरच्यांच्या रेषेत, दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर पाहिजेत. एका बाजूला सरकलेल्या असल्या तर गाडी तिरपी चालते आहे, म्हणजे मागचा एक्सल नाहीतर त्याचा बुश गेला, अन हे आपल्या हातचं काम नाही.

चाक गरम होते का

पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवा, थांबा, अन चारही रिमजवळ हाताचा पंजा न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच तापलं असेल तर कॅलिपर (डिस्कवर ब्रेक दाबणारा भाग) जाम आहे, गाडी त्याच बाजूला ओढणार. पावसाळ्यात आठ-दहा दिवस अंगणात उभी राहिलेल्या गाडीला हे होऊ शकते. अन आदळल्यावर चाकातून पत्रा घासल्यासारखा आवाज येत असेल तर डिस्कच्या मागचा पातळ पत्रा वाकून घासतो आहे नाहीतर त्यात गिट्टीचा खडा अडकला आहे. मेकॅनिक तो पाच मिनिटात सरळ करतो. या आवाजापायी लोकांनी बेअरिंग बदललेली मी पाहिली आहे.

टायरवर हात फिरवा

डोळ्यापेक्षा हाताला लवकर कळते. पंजा टायरच्या नक्षीवर आडवा फिरवा, बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत अन उलट दिशेनं धार लागली तर टो बिघडला आहे, म्हणजे चाकाचं तोंड आत नाहीतर बाहेर वळलं आहे अन टायर रस्त्यावर गोल फिरता फिरता घासतही चालला आहे. हा खरा अलाइनमेंटचा पुरावा. यात एक गोष्ट समजून घ्या. दोन्ही चाकं सारखीच बाहेर वळली तर गाडी ओढत नाही, स्टेअरिंगही सरळ राहते, जोडीतले दोन बैल दोन बाजूंना मान ताणतात तरी बंडी सरळ चालते तसं, पण टायर महिन्या-दोन महिन्यात खलास होतो. म्हणून "ओढत नाही म्हणजे ठीक आहे" असं समजू नका, हात फिरवाच.

दोन्ही कडा सारख्या घासल्या असतील तर हवा कमी होती. मधोमध घासला असेल तर हवा जास्त होती. एकच कड सपाट अन बाकी नक्षी चांगली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाक उभ्यानं तिरपं झालं, नाहीतर टो. जागोजागी खळगे पडले असतील तर बहुतेक शॉकअप गेला. नक्षीच्या खाचांमध्ये बारीक उंचवटे राहतात, ते १.६ मिलिमीटरचे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानंही बाद, अशा टायरवर अलाइनमेंट करून काय उपयोग, आधी टायर बदला अन मग करा.

आदळून दोनच दिवस झाले असतील तर झीज दिसणार नाही, तिला हजारेक किलोमीटर लागतात. तोवर पुढचं मोजमाप कामी येते.

पट्टी, ओळंबा अन टेप

हे सगळं गवंड्याकडे मिळते. जागा सपाट सिमेंटची पाहिजे, चाकं सरळ, डिक्की रिकामी, हवा बरोबर. गाडी दोन-तीन हात पुढं ढकलून मग थांबवा, म्हणजे सस्पेन्शन बसते. जॅकवरून उतरवून लगेच मोजलं तर सगळं चुकीचं येते.

पहिलं, चाक अन मडगार्डमधलं अंतर पाहा. समोरच्या चाकाच्या पुढून अन मागून बोटं घालून मोजा, मग दुसऱ्या बाजूला. डावं-उजवं सारखं पाहिजे. एक चाक बोटभर मागं सरकलं असेल तर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकला आहे नाहीतर त्याचा बुश फाटला आहे. याला अलाइनमेंटच्या मशीनवर उपाय नाही.

दुसरं, ओळंबा. मडगार्डच्या कडेवरून दोरी सोडा, ती टायरच्या फुगीर भागाला टेकायला नको. दोरीपासून रिमच्या वरच्या कडेपर्यंत अन खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, वर किती खाली किती ते लिहून ठेवा. मग दुसऱ्या चाकाचं. वर-खालीचा थोडा फरक प्रत्येक गाडीला राहतोच, पाहायचं ते डाव्या-उजव्यातलं. १४ इंची रिमवर दोन बाजूंमध्ये ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळपास पाऊण डिग्री कॅम्बर बदलला, अन तेवढा आपोआप बदलत नाही. शॉकअपची नळी, नकल (ज्यावर चाक बसते तो भाग) नाहीतर आर्म, काहीतरी वाकलंच.

तिसरं, टो. गवंड्याच्या ॲल्युमिनियमच्या दोन सरळ पट्ट्या घ्या, विटांवर ठेवून दोन्ही समोरच्या चाकांना बाहेरून टेकवा, जमिनीजवळ टायर फुगलेला राहतो त्याच्या वर. टायरच्या पुढच्या कडेजवळ दोन पट्ट्यांमधलं अंतर टेपनं घ्या, मग मागच्या कडेजवळ. टेप गाडीखालून न्यावा लागतो, दोन माणसं पाहिजेत, एक ताई नाहीतर पोरगं टोक धरायला. पुढं-मागं एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो, चार-पाचच्या वर गेला तर मशीनवर जायला हरकत नाही. हे मोजमाप मशीनची जागा घेत नाही, पण चाळीस किलोमीटर दूर वणी-यवतमाळला नुसतं पाहायला जायचं का नाही एवढं ठरवायला पुरते.

टायर अदलाबदल

हवा बरोबर, ब्रेक ठीक, मोजमाप ठीक, तरी ओढते. तर समोरचे दोन टायर आपसात बदलून पाहा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे, आदळल्यावर आतले पट्टे सरकले की असं होते, दिसायला टायर एकदम चांगला राहतो. बाजू तीच राहिली तर दोष टायरचा नाही, आता खाली पाहायचं. ज्या टायरवर फिरण्याचा बाण छापलेला असतो ते असे बदलता येत नाहीत, ते सोडून द्या.

जॅक लावून

इथून पुढं ज्याला हात लावायची सवय आहे त्यानंच करावं. काळ्या मातीच्या अंगणात जॅक लावू नका, पावसाळ्यात ते वरून कोरडं दिसते अन वजन आलं की खचते. पक्की जागा, हँडब्रेक, गिअर, मागच्या चाकाला पुढून-मागून दगड, अन नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही, खाली पाहायचं असेल तर स्टँड पाहिजे.

चाक वर उचलल्यावर वरून अन खालून धरून हलवा. लटकन् लागलं तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट. मग डावी-उजवीकडून धरून हलवा, इथं प्ले, म्हणजे सैलपणा, असला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) नाहीतर स्टेअरिंग रॅक. कोणीतरी गाडीत बसून ब्रेक दाबून धरावा अन परत वर-खाली हलवा, प्ले गेला तर बेअरिंगच, राहिला तर बॉल जॉइंट. मग चाक हातानं फिरवा, कान लावा, अन रिमजवळ एक काडी स्थिर धरा. फिरताना रिम काडीच्या जवळ-दूर होत असली तर वाकली आहे. टाय रॉड दोन्ही बाजूंचे एकमेकांशी ताडून पाहा, वाकलेला डोळ्यालाच कळतो. रबराचे बूट फाटलेत का, शॉकअपवर तेल ओघळलं का, अन एखाद्या बोल्टजवळ धूळ नसलेला चमकता पट्टा दिसतो का, तिथून पार्ट सरकला आहे.

हा टप्पा मी एवढा ताणून सांगतो कारण पैसे इथंच जातात. एका माणसाची गाडी आली, दुसरीकडून दोनदा अलाइनमेंट झालेली, दोन्ही वेळच्या प्रिंटवर सगळं हिरवं म्हणजे मापात, अन उजव्या टायरची आतली कड तारा दिसेपर्यंत खाल्लेली. लोअर आर्मचा मागचा बुश फाटला होता. मशीनवर गाडी उभी राहते तेव्हा चाक जागेवर, रस्त्यावर ब्रेक मारला की चाक मागं सरकते अन टो बदलतो. तीन वर्षं टिकणारे टायर एका पावसाळ्यात गेले. बुश बदलला, मग अलाइनमेंट केली, विषय संपला.

इथं थांबा अन मेकॅनिकला बोलवा

टायरला फुगा नाहीतर रिमला तडा, अन लावायला स्टेपनी नाही. स्टेअरिंग एकाएकी जड, सैल नाहीतर अडकत असणं. कोणत्याही चाकात हातानं प्ले लागणं. चाक नुसत्या डोळ्यानं तिरपं दिसणं. ब्रेकचं पेडल खोल जाणं नाहीतर चाकाच्या आतून तेल गळणं. एबीएस, एअरबॅग नाहीतर पॉवर स्टेअरिंगचा दिवा पेटणं. यातलं एक जरी असलं तर गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिक जागेवर बोलवा नाहीतर उचलून न्या. बॉल जॉइंट निघाला की चाक बाहेर पडते अन स्टेअरिंगचा ताबाच राहत नाही, तालुक्याला पंचवीसच किलोमीटर तर जायचं आहे असं म्हणून काही होत नाही.

इंजिनच्या चेंबरलाही (खालची ऑइलची टाकी) खालून पाहा. दगड लागून चेंबर फुटला अन ऑइलचा दिवा पेटला तर त्याच क्षणी इंजिन बंद, एक किलोमीटरही नाही. हे अलाइनमेंटचं नाही, पण आदळलेल्या गाडीत लोक चाकंच पाहत बसतात अन इंजिन जाते.

मग अलाइनमेंट कधी करायची

हवा अन टायर ठीक असूनही सपाट जागेवर ओढते, स्टेअरिंग आदळल्यानंतर वाकडं झालं, हाताला नक्षीची धार लागते, नाहीतर टेपनं टो मापाबाहेर दिसतो, अन कुठंही प्ले नाही, काही वाकलेलं नाही, तर करा, अन लवकर करा. टाय रॉड एंड, लोअर आर्म, शॉकअप यातलं काहीही बदललं तर लक्षण नसलं तरी करायचीच. नुसती थरथर, नुसता आवाज, नुसती हवा उतरणं, यासाठी नाही. अन खड्डा चुकला नाही म्हणून प्रत्येक वेळी धावायचं कारण नाही, लक्षण नसेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला केली तरी पुरते.

दुकानात गेल्यावर पाहायचं ते असं. चांगला माणूस आधी चारही चाकांची हवा करतो, चाकं हलवून प्ले पाहतो, मगच क्लॅम्प लावतो. आधीचं अन नंतरचं असे दोन्ही प्रिंट मागा, नुसतं नंतरचं हिरवं कागद कामाचं नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत समोरचा टो तेवढा ॲडजस्ट होतो, कॅम्बर अन कॅस्टरला (स्टेअरिंगच्या आसाचा पुढं-मागं कल) कंपनीनं सोय ठेवलेली नसते, मागच्या एक्सललाही नसते. म्हणून कॅम्बर लाल आलं अन माणूस म्हणाला "करून देतो", तर कसं करणार ते विचारा. शॉकअपच्या बोल्टमधल्या ढिलाईनं थोडंफार सरकवता येते ते ठीक, पण हायड्रॉलिक जॅक लावून पार्ट दाबून वाकवत असेल तर नको म्हणा. वाकलेला पार्ट उलटा वाकवला की प्रिंट हिरवी येते अन पार्ट कमजोर राहतो, तो बदलायचाच. टो करताना आधी स्टेअरिंग सरळ धरून पक्कं करायला अन मग दोन्ही बाजूंचे चाक टाय रॉडनं आपापल्या मापात आणायला सांगा, एकाच बाजूचा फिरवून एकूण आकडा जुळवला तर तो बरोबर येतो पण स्टेअरिंग वाकडं होते. ज्या गाड्यांत स्टेअरिंगचा सेन्सर आहे तिथं शेवटी स्कॅनरनं तो शून्यावर आणावा लागतो, नाहीतर दिवा पेटलेला घेऊन घरी येता.

पैसे देण्याआधी दुकानदाराला सोबत बसवून एक चक्कर मारा, सपाट रस्त्यावर, अन स्टेअरिंग वाकडं दिसलं तर तिथंच परत करून घ्या. प्रिंट गाडीच्या कागदात ठेवा, पुढच्या पावसाळ्यात आदळली तर आकडे ताडून कोणतं चाक हललं ते लगेच कळते. अन चाकं काढली असतील तर शंभरेक किलोमीटरनंतर नट पान्ह्यानं एकदा परत टाइट तपासा.